अख्खा बदाम

काकूंचं डोकं फिरलं ते समोरच्या टेलरमुळे. त्या बिचाऱ्याचा दोष काहीच नव्हता. दरवर्षीप्रमाणे तो व्हॅलेंटाईनच्या आदल्या दिवशी गळ्यात टेप तसाच लटकवून बेकरीत आला, बायकोसाठी एक मोठा बदाम सांगितला, आणि आतल्या दारात उभ्या असलेल्या काकूंना सहज म्हणाला, "काकू, यातला तुमचा कुठला?"

बदाम म्हणजे सुक्या मेव्यातला नव्हे, पत्त्यातला. त्या बेकरीत साखरेची बिस्किटं व्हायची, वर आयसिंग घातलेली. वर्षभर चांदण्या, फुलं, मोटारी, बाळाचे बूट. पण फेब्रुवारी लागला की नुसते बदाम. लाल, गुलाबी, पांढरे, छोटे, मोठे, जोडीचे. कणीक मळण्यापासून वर नाव घालण्यापर्यंत सगळं काकू करायच्या, आतल्या खोलीत. काका बाहेर काउंटरवर. गिऱ्हाईकं त्या दोघांना काका-काकू म्हणायची, आणि आता तर दोघांची खरी नावं गल्लीत कुणाला माहीत नव्हती.

"माझा?" काकू म्हणाल्या.

काउंटरमागून काका हसले. "अहो, तिला कशाला वेगळा? सगळे तिचेच तर आहेत!"

टेलर हसला. रांगेतल्या दोन मुली हसल्या. काकूही हसल्या, सवयीने. आत येऊन आयसिंगचा कोन हातात घेतला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला मुळीच हसू आलेलं नव्हतं.

सगळे तिचेच! वा रे वा! म्हणजे राबायला सगळे तिचे, आणि खायला?

खायला डबा होता. निळा, पत्र्याचा, झाकणाला पोचा पडलेला. त्या घरात सासऱ्यांनी दुकान थाटलं तेव्हापासून एक नियम चालत आला होता: अख्खं गिऱ्हाईकाचं, मोडकं घरचं. ओव्हनमधून काढताना तुटलेलं, रंग पसरलेलं, टोक उडालेलं, सगळं निळ्या डब्यात. आणि डबा घरच्यांचा. नियमाला एक शेपूटही होतं. समोर अख्खा माल दिसत असताना गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नाही. सासरे जाऊन जमाना झाला, पण नियम ठणठणीत होता. काका तर त्याच्यापुढे असे वागायचे की जणू म्हातारा अजून काउंटरच्या खाली दडून बसलाय आणि चूक झाली की पोटरीला चिमटा काढेल.

आता कुणी म्हणेल, एका बिस्किटासाठी एवढं काय मनाला लावून घ्यायचं? तेच तर! प्रश्न एका बिस्किटाचाच होता, तर इतक्या वर्षांत एक द्यायला काय धाड भरली होती?

आणि नियम डब्यात राहिला असता तरी चाललं असतं. तो डब्यातून कधीच बाहेर आला होता. नवी खुर्ची काउंटरसमोर, गिऱ्हाईकाला टेकायला; डुगडुगणारी आत, काकूंना. चांगले कप बाहेर, कान तुटलेले घरात. पंखा नवा आणला तो दुकानात लागला आणि खडखडणारा ओव्हनच्या खोलीत आला, जिथे माणूस आधीच भाजून निघतं. आणि खुद्द काका! दिवसभर काउंटरवर कसे साखरेत घोळलेले. "या ताई! बसा ताई! मुलीची परीक्षा कशी झाली? पाय दुखायचा थांबला का?" दुकानाचं शटर खाली आलं की तोंडाचंही खाली. घरी वर यायचा तो नवरा नव्हे, नवऱ्याचा चुरा. "वाढ", "झोपतो", "दिवा घालव". तीन शब्दांच्या वर वाक्य जायचं नाही.

काकूंनी लाल आयसिंगचा कोन इतका जोरात दाबला की बदामाच्या काठाऐवजी ट्रेवर ढिगारा झाला.

"चिडलीस का गं?" सासूबाई म्हणाल्या. त्या तिथेच, खिडकीखालच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या. एका हाताला काठी, दुसऱ्या हाताला निळा डबा, पुढ्यात चहा. तोंडात दात औषधालाही नव्हता. चहात तुकडा बुडवायच्या, मऊ झाला की चमच्याने तोंडात.

"चिडू नको तर काय करू? आई, एक विचारू? तुम्ही कधी अख्खा खाल्लात?"

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "मला कुठे दात आहेत?"

"दात होते तेव्हा?"

सासूबाई चहात बुडालेला तुकडा चमच्याने शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, "मोडलेलं जास्त गोड लागतं म्हणायचे तुझे सासरे."

"ते स्वतः काय खायचे?"

"त्यांना गोड आवडायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

झालं! काकूंनी पदर खोचला. ज्याला गोड आवडत नाही त्याने गोडाचा कायदा करायचा आणि बायकांनी तो चहात बुडवून खायचा! त्यांनी गार करायला ठेवलेला कणकेचा शेवटचा गोळा काढला. दोन लाकडी पट्ट्यांच्या मधे तो लाटला, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी येते. सगळ्यात मोठा साचा मैद्यात बुडवला आणि दाबला. एकच बदाम. बाकीची कणीक त्यांनी बाजूला सारली. ओव्हनसमोर त्या उभ्याच राहिल्या. काठ जेमतेम पिवळसर झाला की काढायचा. अजून थोडा वेळ म्हणून आत ठेवला की गेलाच. काढला. एवढासा तडा नाही, फुगवटा नाही. नेमका आज, स्वतःसाठी केला तेव्हा, हात कसा सुतासारखा सरळ चालला होता.

मग आयसिंग. आधी घट्ट लाल, त्याने काठाची रेघ, म्हणजे आतलं बाहेर वाहत नाही. मग सैलसर पांढरं आत ओतायचं आणि सुईच्या टोकाने कोपऱ्याकोपऱ्यांत ओढत न्यायचं. बुडबुडा आला की टोचायचा. लाल आणि पांढरं शेजारी म्हणजे जिवाला घोर. पांढरं पातळ झालं की लाल त्यात उतरतं आणि सगळं गुलाबी करून ठेवतं. काकूंचं उतरलं नाही. लाल काठाला लागून त्यांनी पांढरे ठिपके घातले, मोहरीएवढे, एकसारखे. वरची पांढरी जागा मात्र रिकामी ठेवली.

तिथे नाव यायचं. जगभराची नावं त्यांनी त्या जागेवर घातली होती. नवऱ्यांची, बायकांची, होऊ घातलेल्यांची, लाडाची, चिडवायची. एकाने तर आपल्या कुत्रीचं नाव घालून नेलं होतं, तेही त्यांनी नीट वळणदार काढलं होतं. पण आपलंच नाव आपण कसं घालायचं? छे! लाज म्हणून काही आहे की नाही? नाव दुसऱ्या कुणीतरी घालायचं असतं, म्हणून तर ते बदामावर शोभतं.

बदाम वाळायला त्यांनी मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर एकटा ठेवला. आयसिंग झाकायचं नसतं, रात्रभर उघड्यावर वाळू द्यायचं असतं. मग दारात जाऊन म्हणाल्या, "अहो, ऐकलं का? वरच्या फळीवरचा तो मोठा, पांढरा. तो माझा आहे. विकायचा नाही."

काका एका बाईंना पिशवी देत होते. "हो हो," म्हणाले.

"काय हो हो? काय सांगितलं मी?"

"वरचा पांढरा. तुझा. विकायचा नाही." आणि लगेच बाईंकडे वळून, मधाळ आवाजात, "सांभाळून न्या हं ताई, पिशवी आडवी करू नका."

तरीही काकूंना बरं वाटलं. ऐकलं तर होतं! संध्याकाळभर त्या कामात होत्या, पण मधूनच मान वर करून त्या फळीकडे बघत होत्या. सासूबाईही बघत होत्या, फक्त त्या बघताहेत हे काकूंनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी व्हॅलेंटाईन. काका सकाळीच खाली उतरून दुकान उघडून बसले. काकू वरचं आवरून, सासूबाईंचा हात धरून, जिना उतरून आल्या. सासूबाईंना खुर्चीत बसवलं, चहा दिला, आणि पहिली नजर वरच्या फळीवर टाकली.

फळी रिकामी.

विकला! सांगून सवरून, तोंडाने वदवून घेऊन, तरी विकला! त्या दारापर्यंत गेल्या, तोंड उघडलं, आणि मागून सासूबाईंचा आवाज आला. "सूनबाई. इकडे बघ."

सासूबाईंनी तुकडा घ्यायला निळा डबा उघडला होता. सगळ्यात वर तो बदाम होता. लाल काठ, पांढरे ठिपके, वाळून लख्ख झालेली पांढरी पाटी. आणि मधोमध, वरच्या खाचेपासून खालच्या टोकापर्यंत, सरळ दोन तुकडे.

काकूंनी दोन्ही तुकडे हातात घेतले आणि त्या काउंटरमागे जाऊन उभ्या राहिल्या. रांग लागली होती, लागू दे! "हे काय आहे?"

काकांचा चेहरा खुलला. खरं सांगायचं तर तो चेहरा बघूनच काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण त्यावर अपराधाचं नावसुद्धा नव्हतं. उलट शाबासकी मागणारं हसू होतं.

"मिळाला ना? अगं, वाचवला बघ तुझा! सकाळी सकाळी एक साहेब आले. आतली मांडणी दिसते ना इथून? त्यांनी नेमका तोच हेरला. म्हणाले, तो पांढरा, लाल काठाचा, तोच द्या."

"मग?"

"मग काय! मी आत गेलो, पटकन मधोमध मोडला, आणि बाहेर येऊन म्हटलं, माफ करा साहेब, तो मोडलेला आहे. दुसरा देतो. गेले बिचारे दुसरा घेऊन." काकांनी आवाज खाली आणला, अगदी प्रेमाने. "तुझ्यासाठी राखला."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. या माणसावर ओरडायचं तरी कसं? चोरी केली असती तर बोलता आलं असतं. विसरला असता तर बोलता आलं असतं. याने तर जपला होता! याच्या डोक्यात घरच्या माणसासाठी वस्तू जपायची म्हणजे ती आधी मोडायची, याशिवाय दुसरी वाटच नव्हती.

"नाही म्हणता आलं नाही तुम्हाला?"

"गिऱ्हाईकाला?" काका खरंच चकित झाले. "अख्खा दिसत असताना? अगं, असं कसं नाही म्हणायचं?"

"मला म्हणता येतं ना? या पंख्याला नाही, त्या खुर्चीला नाही, कुठे जाऊ या म्हटलं की नाही, बोला म्हटलं की नाही! तेव्हा जीभ कशी अडत नाही तुमची?"

"हळू बोल गं. गिऱ्हाईकं आहेत."

हेच, हेच ते! गिऱ्हाईकं आहेत! काकूंनी दोन्ही तुकडे काउंटरवर ठेवले. अंगावरचा एप्रन काढला, पिठाने माखलेला, आणि तोही तुकड्यांशेजारी ठेवला. त्या आत गेल्या, हात धुतले, पर्स घेतली, मागच्या दाराने बाहेर पडल्या, बोळातून वळसा घालून गल्लीत आल्या, आणि दुकानासमोरच्या रांगेत शेवटी उभ्या राहिल्या.

पुढे टेलर होता, आपला बदाम न्यायला आलेला. त्याने वळून बघितलं. "काकू? तुम्ही इथे? या, पुढे या ना."

"नको. रांग आहे."

काकांना आधी कळलंच नाही. ते आत हाका मारत होते, "अगं, ते गुलाबी दे! अगं, यावर नाव घालायचंय!" आणि आतून कोण उत्तर देणार? शेवटी स्वतःच धावत जाऊन गुलाबी आणला, धावताना मांडणीला खांदा आपटला. नाव घालून हवं होतं त्या मुलाला म्हणाले, बाबा रे, आज बिननावाचाच घे. रांग पुढे सरकली, मागे नवी माणसं येऊन लागली. टेलरने आपलं खोकं घेतलं, पण गेला नाही. दाराशी उभा राहिला. गंमत कुणाला सोडवते?

"बोला ता—" म्हणत काकांनी मान वर केली आणि जीभ चावली. "अगं! तू काय इथे उभी..."

"गिऱ्हाईकाला अगं म्हणतात का?" काकू म्हणाल्या.

वर नवा पंखा आवाज न करता फिरत होता. काका काकूंकडे बघत राहिले, मग काउंटरवरच्या दोन तुकड्यांकडे, मग एप्रनकडे. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. काकूंना वाटलं, आता हसून उडवून लावणार हा. गल्लीसमोर माझी फजिती करणार. लावू दे. आज मी इथून हलत नाही.

"बोला," काका म्हणाले. आवाज जरा बसला होता. "काय देऊ तुम्हाला?"

लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पहिल्यांदा त्यांच्या तोंडून काकूंना 'तुम्ही' निघालं होतं.

"बदाम द्या. मोठा. अख्खा."

काकांनी ट्रेमधला एक उचलला, पांढराच, काठाला ठिपक्यांची रेघ असलेला. कागदावर ठेवला. हात खोक्याकडे गेला आणि थांबला. बिननावाच्या प्रत्येक मोठ्या बदामामागे जे विचारायचं ते त्यांनी जन्मभर विचारलं होतं, हजारदा, न बघता. आता ते नीट बघून विचारावं लागलं. "नाव... कुणाचं घालू?"

"माझं."

"घालतो. म्हणजे..." काकांनी सवयीने आतल्या दाराकडे बघितलं. आत कुणी नव्हतं.

"तुम्हीच घाला," काकू म्हणाल्या. "आठवतंय ना?"

"आठवतंय," काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्या माणसाला बोलणं लागल्यासारखं दिसलं.

त्यांनी आतून लाल कोन आणला. कोन धरायचा वरून असतो आणि दाबायचा हलक्या हाताने. यांनी धरला मधे, फडक्याचा बोळा धरावा तसा. पहिलं अक्षर हे एवढं मोठं आलं. दुसरं त्याला धडकलं. शेवटच्या अक्षराला जागाच उरली नाही, ते काठावर चढून ठिपक्यांच्या रेघेवर जाऊन बसलं. रांगेतली एक मुलगी हसायला लागली, पण टेलरने तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली. काका एकेक अक्षर काढताना ते पुटपुटत होते, आणि काकूंनी आपलं नाव नवऱ्याच्या तोंडून किती काळाने ऐकलं ते त्यांचं त्यांना माहीत. राग होता तिथेच होता. पण डोळे भरून आले, आणि त्याचाही काकूंना रागच आला.

त्यांनी पर्स उघडली.

"अगं, पैसे कसले—" काका म्हणाले. "अहो. राहू द्या."

"घ्या. फुकट दिलं की ते पुन्हा घरचं होतं."

काकांनी पैसे घेतले. बदाम खोक्यात ठेवला, फीत बांधायला गेले तर काकूंनी हाताने थांबवलं. "बांधू नका. इथेच खाणार आहे." आणि त्या नव्या खुर्चीत, काउंटरसमोर, गिऱ्हाईकाला टेकायला ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसल्या. बदाम दोन्ही हातांत धरला. काठावर चढून बसलेल्या शेवटच्या अक्षराकडे थोडा वेळ बघितलं. ओलं आयसिंग अंगठ्याला लागलं.

"पुढचं कोण?" काकांनी विचारलं. त्यांना आता कुणाकडे बघायचं ते कळत नव्हतं.

पण रांग बाजूला होत होती. बोळातून वळसा घालून, काठी टेकत टेकत, सासूबाई आल्या होत्या. एवढं अंतर त्या एकट्या कधी चाललेल्या नव्हत्या; श्वास लागला होता, एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती. लोक म्हणाले, आजी, या, पुढे या, पण त्यांनी मान हलवली आणि आपली पाळी येईपर्यंत उभ्या राहिल्या. मग काउंटरच्या कडेला हात टेकून त्यांनी आपल्या लेकाकडे बघितलं.

"मलाही एक दे," त्या म्हणाल्या. "अख्खा."

"आई, तुला दात नाहीत," काका काकुळतीला येऊन म्हणाले. "तुला तो मोडूनच खावा लागेल."

"हो. पण मोडायचा तर माझा मी मोडीन."